खर्जाच्या तारांचा पिंजरा

बाळाला थोपटून थोपटून नुकतंच पाळण्यात टाकलं होतं. अंगाखालचा हात तेवढा काढायचा राहिला होता, आणि पुढच्या खोलीतून सुरू झालं. खर्र, खर्र, खर्र. मग ढुंग्. मग पुन्हा खर्र, आणि पाठोपाठ पुढच्या पायांनी फळी उकरल्याचा धडधडाट.

बाळाचे ओठ वाकडे झाले. मी डोळे मिटून घेतले. आधी तिनं रडायचं की मी, एवढंच ठरायचं होतं.

"आबा, त्या सशाच्या पुढ्यात काहीतरी टाका ना," मी आतूनच म्हटलं.

आबा म्हणजे माझे सासरे. उत्तर आलं नाही. मी पुन्हा हाक मारली, जरा चढ्या आवाजात. तरी नाही. तोवर बाळानं भोकाड पसरलंच. तिला खांद्यावर टाकून मी पुढच्या खोलीत गेले. आबा मांडी घालून बसले होते, तंबोरा मांडीवर आडवा, हातात बारीक कानस. हातभर अंतरावर पिंजऱ्यात तो पांढरा गोळा तार दातांत धरून जीव खाऊन ओढत होता. माझी सावली तंबोऱ्यावर पडली तेव्हा आबांनी मान वर केली.

"काय गं? रडाय लागली व्हय?"

"ससा, आबा."

"व्हय की. सकाळपास्नं डोकं उठवलंय त्यानं. असल्या दंग्यात कशी लागायची जवारी?" असं म्हणून त्यांनी कानस खाली ठेवली आणि तंबाखूची डबी उघडली.

जयसिंगपूरच्या आमच्या गल्लीत तंबोरे करणारं घर एकच, आमचं. आबा जातीचे सुतार. तरुणपणी मिरजेत एका कारागिराकडे राहून काम शिकले आणि इथं येऊन बसले. भोपळा, दांडी, खुंट्या हे कुणीही नेटानं शिकेल, पण आबांचं नाव होतं ते जवारीवर. तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते, त्या घोडीचा माथा असा घासायचा की तार तिला अगदी चाटून गेली पाहिजे. मग सूर एकटा येत नाही, मागं झंकाराची लांब शेपटी घेऊन येतो. केसाएवढं जास्त घासलं गेलं की तार खुळखुळ्यासारखी वाजते, कमी घासलं तर मुकी राहते. हे काम डोळ्यांनी होत नाही, कानानं होतं. पूर्वी सासूबाई समोर बसून तार छेडायच्या आणि आबा घासायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला त्याची फार गंमत वाटायची. म्हातारी नवऱ्यासमोर तासन् तास बसून एकच तार छेडत राहायची, आणि मध्येच मान हलवायची.

सासूबाई गेल्या आणि थोड्याच दिवसांत ससा आला. जयवंतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, मावसभावाची पुण्याला बदली झाली. तिथल्या घरमालकाला जनावर चालत नव्हतं, म्हणून तो ससा खोक्यात घालून आमच्याकडे ठेवून गेला. खोकं सशानं खाऊन टाकलं. मग आबा म्हणाले, मी करतो पिंजरा.

माणूस ज्या कामातला असतो तेच त्याच्या हातून होतं. लोहार असता तर त्यानं गज लावले असते. आबांनी तुणाच्या लाकडाच्या उरलेल्या पट्ट्यांची चौकट केली, तळाला तंबोऱ्याच्या तबलीची, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसते ती पातळ फळी ठोकली, खाली चार पाय देऊन पोकळी ठेवली, आणि गजांच्या जागी खर्जाच्या जाड पितळी तारा ताणून बसवल्या. सैल तार त्यांच्या हाताला माहीतच नव्हती. जयवंतनी त्यावरून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आबा, ह्यो पिंजरा न्हाई, संतूर झालाय." आम्ही सगळे हसलो. सासूबाई गेल्यानंतर घरात तेव्हा पहिल्यांदा कुणी हसलं असेल. ते हसू आम्हाला फार महाग पडलं.

ससा दिसायला गरीब. भोपळ्यासारखा गोल म्हणून नाव भोपळ्या. दुपारभर लोळायचा, पण पहाट झाली की अंगात यायचं, ते दिवस चांगला वर येईपर्यंत. पुन्हा दिवेलागणीला तेच. तार चावली की तार वाजायची, फळी उकरली की फळी. जयवंत साखर कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि त्यांच्या झोपेची नि सशाच्या कामाची वेळ एकच पडायची. माझी तर वेगळी अशी झोप नव्हतीच. बाळ निजलं की निजायचं, असं सगळ्या बायका सांगतात. बाळ निजलं की ससा जागा, हे त्यांना कोण सांगणार. त्या दिवसांत मी उभ्या उभ्या, कपडे पिळता पिळता डोळा लावायला शिकले होते.

पण आमची झोप ही घरातली गोष्ट होती. खरं संकट आबांचं होतं. सांगलीच्या शैलजाबाई करमरकर गाणं शिकवायच्या. त्यांच्या घरातले सगळे तंबोरे आबांच्या हातचे. कोजागरीच्या बैठकीसाठी त्यांनी नवी जोडी सांगितली होती. एक तंबोरा सासूबाई असतानाच पुरा झाला होता. दुसऱ्याची जवारी काही केल्या लागेना. आबा घासायचे, तार चढवायचे, उतरवायचे, पुन्हा घासायचे. घोडी झिजून झिजून कामातून गेली की नवी. दोन घोड्या अशा फेकल्या होत्या. शैलजाबाईंनी जयवंतपाशी निरोप धाडला, "आबांना म्हणावं, ओढून ताणून करू नका. वय झालं. दुसरा मी मिरजेहून घेईन, मला वाईट वाटणार नाही."

त्यांनी मायेनंच सांगितलं होतं. आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

"ससा आल्यापास्नं माझा हात चालंना," ते म्हणाले. "एवढा दंगा थांबू दे. मग बघा."

मग मी आणि जयवंत सशाच्या मागं लागलो. घरात शांतता झाली की तंबोरा होणार, एवढं सरळ गणित होतं. मी पिंजऱ्यावर पोतं टाकलं. त्यानं पोत्याचं टोक आत ओढून खाल्लं. कडुलिंबाचा पाला वाटून तारांना फासला, तर पठ्ठ्यानं चाटून साफ केला. खाली गोधडी घातली, तेव्हा धडधड जरा कमी झाली, पण गोधडीचा कापूस नाकात घेऊन तो असा बसला की आबाच म्हणाले, काढ ते. जयवंतनी एकदा झोपेतून उठून पिंजऱ्यावर चप्पल मारली. सगळ्या तारा एकदम झणाणल्या आणि बाळ उठलं. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी दिवसभर बोललो नाही. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यातले कुडचे डॉक्टर गल्लीत कुणाच्या म्हशीला बघायला आले होते, त्यांना जयवंत बोलावून घेऊन आले. डॉक्टरांनी पिंजरा बघितला, तारेला टिचकी मारली आणि हसायलाच लागले.

"अहो, हे तुम्ही त्याला बाजा दिलाय वाजवायला," ते म्हणाले. "सशाचे दात जन्मभर वाढतात. कुरतडलं नाही तर तोंड मिटायचं नाही त्याचं. आणि बिळं खणणारी जात, ती उकरणारच. मारून, कडू लावून काय होणार? पेरूची डहाळी द्या, गवत द्या पोटभर. मागं जागा आहे ना? तिथं माती भरून मोकळा सोडा. बघा मग, आवाज येतो का."

एवढं सोपं होतं. मला हसावं की कपाळावर हात मारावा कळेना.

त्याच दुपारी आबा जेवून आडवे झालेले असताना जयवंतनी मागच्या अंगणात जुनं घंगाळ अर्धं पुरून त्यात माती भरली, भोवती जाळी मारली आणि भोपळ्याला नेऊन सोडलं. सशानं एकदा इकडे तिकडे बघितलं आणि असा खणायला लागला की जणू बयाणा घेतला होता. माती कशी मऊ, आवाज म्हणून नाही. दमला तसा त्याच खड्ड्यात पोट टेकून पसरला. रिकाम्या पिंजऱ्यावर मी नेहमीप्रमाणे पोतं टाकून ठेवलं. जयवंत आतल्या खोलीत गाढ झोपले. बाळही झोपलं. मला वाटलं, आबांना आता काही सांगूच नये. उठतील, बसतील, शांततेत काम लागेल, मग सांगू.

मीही भिंतीला टेकून डोळा लावला. जाग आली ती आपणहून. कुणी उठवलं नव्हतं, म्हणून आधी घाबरले. मग ऐकलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. इतक्या महिन्यांत आमच्या घरात घड्याळ आहे हे मी विसरले होते. मागं जाऊन बघितलं, भोपळ्या खड्ड्यात तसाच पसरलेला. चहा टाकला आणि कप घेऊन पुढं गेले. मनात म्हटलं, आज लागणार जवारी.

आबा तंबोऱ्यावर वाकले होते. पाठ पिंजऱ्याकडे. माझी सावली पडली तसे ते थांबले.

"ठेव तिथं," ते वैतागून म्हणाले. "आज बी काय व्हायचं न्हाई. ऐकतीस न्हवं कसा दंगा मांडलाय त्या सशानं? एक तार धड ऐकू देईना."

कप माझ्या हातातच राहिला. मी पोत्याकडे बघितलं. पोतं हलत नव्हतं. घड्याळ टिकटिकत होतं.

मग एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी हाका मारायची, ते उत्तर द्यायचे नाहीत. बाळ किंचाळायचं, आबांच्या कपाळावर आठी नसायची, आणि मी शेजारणींना सांगायची, सासरे मोठे सोशिक हो. इतक्या दिवसांत एकदाही ते सशाच्या आवाजानं दचकले नव्हते. आम्ही दचकलो की त्यांच्या ध्यानात यायचं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका झंकारावर उभं होतं, त्याला तो झंकारच ऐकू येत नव्हता, आणि त्या एका गरीब जनावराच्या आडोशाला तो जीव मुठीत धरून बसला होता. आम्ही तो आडोसाही काढून घेतला होता.

"हो आबा," मी म्हटलं. "आज फारच करतोय."

माझा आवाज कापला, पण तो त्यांना कळला नसावा. मी चहा ठेवला आणि सासूबाई बसायच्या तिथं, तंबोऱ्याच्या पलीकडे बसले.

"बाळ निजलंय. मी छेडू का तार?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मग तंबोरा माझ्या बाजूला कलता केला.

मी तार छेडली. मुकी होती. आबा तारेकडे बघत नव्हते, घोडीकडेही नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. सासूबाई तिथं का बसायच्या आणि मध्येच मान का हलवायच्या, ते तेव्हा मला समजलं.

मी मान हलवली. नाही. त्यांनी कानशीचा एक हात मारला. पुन्हा छेडली. नाही. मी गाणं शिकलेली नाही, पण पुरा झालेला पहिला तंबोरा खुंटीला होता. तो मी खाली घेतला. त्याची तार आधी छेडायची, मग ह्याची, आणि दोन्हींत अंतर किती राहिलंय ते बोटांनी दाखवायचं. आबांचा हात मात्र पाण्यासारखा चालत होता. मी दाखवीन तेवढंच, तिथंच घासलं जायचं. मागं बाळ एकदा कुरकुरलं आणि आपणहून गप्प झालं. उन्हं खिडकीतून सरकत भिंतीवर गेली. आणि एकदा तार छेडली तर सूर घोडीवरून उठला आणि थांबेचना, खोलीभर फिरत राहिला. मी मान हलवायला विसरले. आबांना माझ्या तोंडावरूनच कळलं.

त्यांनी हनुवटी भोपळ्यावर टेकवली. "परत छेड," म्हणाले. मी छेडली. डोळे मिटून ते हाडातून जेवढं येईल तेवढं घेत राहिले.

मग एकदम उठले. खुशीत होते. "त्या बिचाऱ्याला बी जरा गवत टाकतो," म्हणाले आणि मी बोलायच्या आत त्यांनी पोतं उचललं.

पिंजरा रिकामा.

"कुठं गेला?"

"मागं अंगणात. दुपारीच सोडलाय ह्यांनी. तुम्ही आडवे झाला होता."

आबा पोतं हातात धरून उभे राहिले.

"म्हंजे मघाशी मी म्हणालो तवा…"

"मघाशी आत होता थोडा वेळ," मी म्हटलं.

"कुमुद."

मी खाली बघितलं.

"तुझी सासू लई झ्याक खोटं बोलायची," आबा म्हणाले. "तुला अजून शिकाय लागंल."

ते पिंजऱ्याच्या कडेला बसले. बोटानं एक तार ओढून सोडली. मला ऐकू आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आली का, अशा नजरेनं. मी मान डोलावली.

"आधी बारीक झंकार गेला," ते म्हणाले. "मग चिमण्या गेल्या. माणसांचं जाड बोलणं येतंय अजून, तोंड दिसलं म्हंजे. तुझी लेक रडती तवा मला नुसतं तिचं तोंड दिसतंय बघ. आवाज कसाय तिचा, ठावं न्हाई."

मला रडू आलं. लपवण्यात अर्थ नव्हता, ते तोंडाकडेच बघत होते.

"गोड आहे," मी म्हटलं. "तुमच्यावर गेलाय. हट्टी."

ते हसले. मग म्हणाले, "जयवंतला सांगू नगंस. तो माझ्यापायी दुकान बंद कर म्हणंल, आणि चुकीचं न्हाई म्हणायचा. पण मी मग दिसभर करू काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्याला मीच उचलून परत पिंजऱ्यात आणून ठेवलं. जयवंत रात्रपाळीहून आले ते बघतच राहिले.

"अगं, तूच न्हवं का गं जीव खाल्लेला माझा? आता कशाला आणलंस त्याला आत?"

"मागं मांजर येतंय," मी सांगितलं. "दुपारचा सोडत जाईन."

जयवंतनी उशी उचलली आणि शेजाऱ्यांच्या माडीवर निघून गेले. मी मात्र पेरूची डहाळी पिंजऱ्यात घातली होती. आबांची बाजू घ्यायची म्हणून मी काही साधू झाले नव्हते. डहाळी असली की तो तारांकडे कमी जायचा, आणि थोडी झोप मलाही हवी होती.

शैलजाबाई कोजागरीच्या आधी आल्या. गाणाऱ्या बायका गळा जपून बोलतात, तशा हळू बोलायच्या. सतरंजीवर बसल्या, दोन्ही तंबोरे जवळ घेतले, आधी पहिला छेडला, मग दुसरा. मी बाळाला घेऊन दाराशी उभी होते. बाईंनी डोळे मिटले. दोन्ही एकदम छेडत राहिल्या. जोडी एका आवाजात बोलत होती. मग खाली मान घालून, तारेकडे बघतच त्यांनी काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं. ह्या दुसऱ्याचा खर्ज मुद्दाम जाड ठेवलाय का, असं त्या विचारत होत्या.

आबांना त्यांचं तोंड दिसत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? बाईंनी मान वर केली. त्या उत्तराची वाट बघत होत्या. भोपळ्या नेमका त्या दिवशी शहाण्यासारखा बसून डहाळी सोलत होता, कुठं हूं नाही की चूं नाही.

आबा सावकाश उठले. पिंजऱ्यापाशी गेले, जनावराचं काही हवं नको बघावं तसे वाकले, आणि सशाच्या तोंडातली डहाळी काढून घेतली. ती खिशात घातली आणि येऊन जागेवर बसले.

भोपळ्यानं इकडे तिकडे हुंगलं. मग पुढं सरकून खर्जाची तार दातांत धरली. खर्र. खर्र. ढुंग्.

"बाई, जरा मोठ्यानं बोला," आबा म्हणाले. "ह्या सशाच्या पुढं काय सुदीक ऐकू येत न्हाई बघा."

शैलजाबाई हसल्या. आबांकडे तोंड करून त्यांनी मोठ्यानं पुन्हा विचारलं, आणि आबांनी खर्जाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं.

तो आवाज त्या दिवशी मला गोड वाटला, असं मी म्हणणार नाही. डोकं रोजच्यासारखंच उठलं, बाळही रडायला लागलं. पुढं भोपळ्या होता तोवर, गिऱ्हाईक आलं की आबा डहाळी काढायचे आणि गेलं की मी ती परत ठेवायची. जयवंत म्हणायचे, तुम्हा दोघांना त्या सशाचं काय वेड लागलंय कळत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नसू.